बेटावर राहिलेली सालोमे

कानिलाय गावात त्या दुपारी आभाळ निरभ्र होतं, आणि तरी सालोमेच्या केसांतून पाणी गळायला लागलं. आधी कपाळावर एक थेंब, मग दोन्ही कानशिलांवरून बारीक धार. ती ताटावर बसली होती, तशीच बसून राहिली. काडिंगने दांडीवरचं फडकं ओढलं आणि तिचं डोकं पुसायला घेतलं. फडक्यात पाण्याबरोबर चिमूटभर पांढरी वाळू आली. कानिलायची वाळू काळी. पांढरी वाळू समोरच्या बांतिगी बेटावरची, आणि तिथे जायला होडीने चांगला तासभर लागतो.

बेटावर पाऊस पडतोय, असं सालोमे म्हणाली. पडू दे, तू जेव, असं काडिंग म्हणाली. बाकी कुणी मान वर केली नाही. गोर्योने, म्हणजे काडिंगच्या नवऱ्याने, मासा उलटवून दुसरी बाजू खायला घेतली. त्याच्या आईने, तिनांग म्हातारीने, आपलं ताट ओलं होऊ नये म्हणून दोन बोटं मागे सरकवलं, एवढंच. पाच वर्षं हे चाललं होतं. माणसाला कशाचीही सवय होते. त्यातून रोज टोपलीभर मासळी घरात येत असेल, तर जरा लवकरच होते.

सालोमे ही काडिंगच्या धाकट्या बहिणीची, बेनिंगची मुलगी. बेनिंग मनिलाला कुणाच्या घरी कामाला गेली आणि दोन वर्षांनी पोटाशी राहून परत आली. बापाचं नाव तिने मरेपर्यंत ओठांबाहेर काढलं नाही, आणि ती मेलीही लवकरच. पोर चार महिन्यांची असताना बेनिंग तापात गेली. काडिंगने पोर उचलून घरी आणली. तिनांग म्हातारीने तोंड वाकडं केलं, पण घरातून काढ असंही म्हणाली नाही. आमच्या दोन पोरांच्या ताटात तिसरा हात नको, असं मात्र ती शेजारणींना ऐकू जाईल एवढ्या हळू आवाजात म्हणायची.

पुढे जे झालं ते संत योहानाच्या सणाला झालं. त्या दिवशी सगळं गाव समुद्रात न्हायला जातं. ज्यांच्याकडे होडी आहे ते बांतिगीला जातात, कारण तिथलं पाणी काचेसारखं आणि सावलीही दाट. त्या वर्षी गोर्योच्या होडीत घरची माणसं होतीच, शिवाय शहरातून आलेली म्हातारीची सोन्याचे डूल घातलेली बहीण होती. दिवसभर पोरं पाण्यात डुंबली. केळीच्या पानांत बांधलेल्या चिकट भाताच्या वळकट्या खाल्ल्या, मासे भाजले, पुरुषांनी माडी प्यायली. ऊन कलल्यावर सगळे होडीत चढले आणि काडिंग नावं घ्यायला उभी राहिली.

नावं घेतल्याशिवाय कुणी पाण्यावरून, रानातून, डोंगरावरून घरी निघत नाही. घरातल्या कर्त्या बाईने होडीच्या टोकाशी उभं राहून, जागेकडे तोंड करून, प्रत्येकाचं चर्चमधलं पूर्ण नाव घ्यायचं आणि म्हणायचं: चल घरी, मागे राहू नकोस. पोराचं अंग होडीत चढतं, पण जीव वाळूत खेळत बसलेला असतो. त्याला हाक ऐकू आली की तो धावत येतो. आणि ज्या बाईने नाव घेतलं तिच्या घरचं ते पोर, हे न सांगता सगळ्यांना कळतं.

काडिंगने तेर्योचं नाव घेतलं, पासिंगचं घेतलं. ती तिची पोटची दोन. मग सालोमेचं नाव तिच्या ओठावर आलं आणि तिची नजर सासूच्या चेहऱ्यावर गेली. तिनांग म्हातारी तिच्याकडे बघत होती. शेजारी डूलवाली बहीणही बघत होती. सकाळपासून ही तिसरी कुणाची म्हणून ती तीनदा विचारून चुकली होती. काडिंगने ओठावरचं नाव गिळलं. सालोमे दोराच्या वेटोळ्यावर बसून, आपली पाळी येईल म्हणून मान वर करून वाट बघत होती. ती पाच वर्षांची होती. काडिंग खाली बसली, गोर्योने बांबू रोवून होडी ढकलली आणि सगळे घरी आले.

त्या संध्याकाळी सालोमेला ताप भरला. तिसऱ्या दिवशी उतरला, तेव्हा तिच्या उशीवर पांढरी वाळू होती. आठवड्याने ती गोर्योला म्हणाली, की बेटामागे बांगडे आलेत, एवढे की पाणी काळं दिसतंय. गोर्यो हसला, पण गेला. त्या दिवशी जाळं ओढताना त्याच्या तळहातांची सालं निघाली.

तेव्हापासून सालोमे काही सांगायची आणि ते तसंच असायचं. कुठल्या अंगाला मासळी आहे, वारा कधी फिरेल, कासव कधी वर येईल. घरात बसून तिला बेटावरून दिसणारं सगळं दिसायचं, कारण तिचा अर्धा जीव तिथेच बसून होता. तिच्या अंगाला कधी कोरडं ऊन असताना मीठ फुटायचं. ती बसली की चिमण्या येऊन खांद्यावर बसायच्या, जणू ती कुंपणाचा खांब आहे. ती रडायची नाही, हट्ट करायची नाही, वाढलं तर जेवायची आणि नाही वाढलं तर मागायची नाही. हसायची मात्र, लांबून ऐकलेल्या विनोदाला हसावं तसं.

आणि गाव? गावाला तिची भीतीही वाटायची आणि तिच्यावाचून चालतही नव्हतं. पहाटे होड्या लोटायच्या आधी मोठमोठे बाप्ये मागच्या शिडीशी येऊन आज कुठे जाऊ बाळ म्हणून लाडीगोडी लावायचे. तेच बाप्ये दुपारी ती रस्त्याने येताना दिसली की पोरांना आत ओढायचे. बाया अंगठा थुंकीने ओला करून आपापल्या लेकरांच्या पोटावर फिरवायच्या, दृष्ट लागू नये म्हणून. मे महिन्यात गावातल्या सगळ्या मुली पांढरे झगे घालून मरियामातेला फुलं वाहतात. सालोमेला त्या रांगेत कधी कुणी उभं केलं नाही. शाळेत ती दाराजवळ शेवटच्या बाकावर एकटी, कारण तिच्या केसांच्या पाण्याने वह्या भिजतात. बाईंनी हे कारण अगदी मनापासून दिलं होतं.

काडिंगला सगळं माहीत होतं. नावं नीट घेतली होतीस ना, असं पहिल्या वर्षी दहा जणींनी तिला विचारलं आणि दहाही जणींना तिने सांगितलं, की सगळी घेतली. एकदा सांगितलेलं खोटं मग दरवर्षी थोडं घट्ट होत गेलं. खरी गोष्ट अशी, की तिला मासळी आवडायला लागली होती. छपरावर झापांच्या जागी पत्रा आला. तेर्यो शहरातल्या शाळेत जायला लागला. तिनांग म्हातारीला रोज संध्याकाळी रेडिओवरची रडकी नाटकं ऐकायला ट्रान्झिस्टर मिळाला. सासूच्या तोंडून सुनेचं कौतुकसुद्धा एकदोनदा निघालं. हे सगळं आपल्या गिळलेल्या एका शब्दावर उभं आहे, असा काडिंग कपडे धुताना विचार करायची आणि मग कपडे जरा जोरात आपटायची.

कपडे धुतानाच तिला ते दगड सापडले. सालोमेच्या झग्याच्या घेराला आतून चिंध्या शिवल्या होत्या आणि प्रत्येक चिंधीत एकेक गोटा. टाके वेडेवाकडे, दहा वर्षांच्या हाताचे. पुढच्या आठवड्यात गोटे चाराचे सात झाले. काडिंगने तिला हाक मारून विचारलं, की हे काय.

"वारा नेतो गं मावशी," सालोमे म्हणाली. "काल विहिरीवरून येताना माडाला धरून उभी राहिले. बादली होती म्हणून बरं."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू कामात होतीस."

काडिंगने तिला काखेत हात घालून उचललं. दहा वर्षांची मुलगी, आणि हातात आलं ते नारळाच्या काथ्याने भरलेल्या टोपलीएवढं वजन. तिने तिला खाली ठेवलं नाही. तशीच छातीशी धरून ती इस्योंगकडे निघाली, ओल्या हातांनी, साबणाचा फेस कोपरापर्यंत तसाच.

इस्योंग होड्या बांधायचा आणि उरलेल्या वेळात गावाची दुखणी बघायचा. त्याने रंध्याखालची ढलपी झटकली, काशाच्या भांड्यात पाणी घेतलं आणि मेणबत्ती तिरपी धरून त्यात मेण ओतलं. पाण्यावर मेणाचे दोन तुकडे झाले. एक मोठा, पापुद्र्यासारखा पातळ. दुसरा लहान, गोल, घट्ट. त्याने काडीने दोन्ही जवळ आणून बघितले, ते जुळेनात.

तिथली पाच वर्षांचीच राहिलीय आणि इथली वाढतेय, त्याने समजावलं. जितकी वाढेल तितकी विरळ होईल, कारण भरायला आत काही नाही. संत योहानाला पाच वर्षं पुरी होतात. त्या दिवसाच्या ओहोटीपर्यंत हाक पोचेल. नंतर लहान मोठीला ओढून नेईल, आणि मग तुम्ही कितीही बोंबला. मग त्याने डोळे बारीक करून विचारलं, की त्या दिवशी नावं कुणी घेतली होती.

"मी," काडिंग म्हणाली.

"सगळी?"

"सगळी."

त्याने पुन्हा रंधा हातात घेतला. काडिंग सालोमेला घेऊन शिडीच्या दोन पायऱ्या उतरली, तिसऱ्या पायरीवर थांबली आणि त्याच्याकडे न बघता म्हणाली, "एक सोडून."

रंधा थांबला. इस्योंग रागावला असता तर तिला सोपं गेलं असतं. पण त्या म्हाताऱ्याने नुसती मान हलवली आणि काय करायचं ते सांगितलं. ज्या तोंडाने गाळलं त्याच तोंडाने बोलवायचं. त्या दिवशी होडीत जी घरची माणसं होती ती सगळी होडीत हवीत, आणि त्यांच्यासमोर. आणि एक लक्षात ठेव, पोर पूर्ण झाली की तिला बेटावरचं काही दिसणार नाही. मासळी संपली.

ही शेवटची गोष्ट काडिंग घरी पोचायच्या आत गावात पोचली. संत योहानाला सहा दिवस होते आणि बांगड्याचा हंगाम ऐन भरात होता. पहिल्या संध्याकाळी पाच-सहा जण अंगणात येऊन बसले, सगळ्यांत मोठ्या होडीचा मालक बाल्बिनो पुढे. तो फार गोड बोलला. पोरीचं वाईट कोण चिंतेल? पण मेणात काय दिसतं आणि काय नाही, इस्योंगची नजर आता पूर्वीची राहिली नाही. एवढा हंगाम जाऊ दे. पोर तर सुखात आहे, खाते, हसते. गोर्यो मान खाली घालून पायाच्या अंगठ्याने मातीत रेघ ओढत होता. त्यालाही हंगाम जाऊ द्यायचा होता, पण बायकोसमोर बोलायची छाती होत नव्हती. तिनांग म्हातारी आतून म्हणाली, की बाल्बिनो म्हणतो ते काही चूक नाही.

काडिंग उठली. सालोमेच्या झग्यातले गोटे तिने एकेक करून उसवले आणि अंगणात टाकले. मग पोरीला उचलून ती बाल्बिनोच्या सुकटीच्या खोपटाकडे चालायला लागली, आणि काय करते बघायला सगळे मागोमाग गेले. तिथे आढ्याला मोठा काटा टांगलेला असतो, खाली टोपली. तिने सालोमेला टोपलीत बसवलं.

"वाच बाल्बिनो," ती म्हणाली. "तुला वाचता येतं."

बाल्बिनोने वाचलं नाही. सगळ्यांना दिसत होतं. काटा चार किलोवर थांबला होता, त्यात टोपली धरलेली. सालोमेला झोका आवडला असावा, ती पाय हलवत होती. बाप्ये एकमेकांकडे न बघता एकेक करून निघून गेले. गोर्यो शेवटपर्यंत थांबला, मग किनाऱ्यावर गेला आणि होडीतलं पाणी उपसायला लागला. रात्रीचं जेवण होईपर्यंत तो उपसतच होता, होडी केव्हाच कोरडी झाली तरी.

संत योहानाच्या दिवशी ते निघाले. त्या वर्षी गावातल्या दुसऱ्या कुणी बेटाकडे होडी लोटली नाही. तेर्यो आता चौदा वर्षांचा. त्याने आजीला पाठुंगळी घेऊन होडीत बसवलं. येणार नाही म्हणून म्हातारीने सकाळभर आकांत केला होता, पण सगळे निघाले म्हटल्यावर एकटं मागे राहायची तिला भीती वाटली. अकरा वर्षांच्या पासिंगने सालोमेचं मनगट धरलं होतं. बेट जवळ येत गेलं तसं तिला दोन्ही हातांनी धरावं लागलं, मग घोटा धरावा लागला, कारण सालोमे फळीवरून वीतभर वर आली होती आणि तिथे शांतपणे मांडी घालून बसली होती. समुद्र इतका स्थिर होता की होडीच्या बाजूंना बांधलेल्या उलांडीचे दोन्ही बांबू पाण्यावर नाही, आभाळावर टेकल्यासारखे वाटत होते. म्हातारीने जपमाळ काढली, पण तिची बोटं एकाच मण्यावर थांबून राहिली.

बेटावर दुपार होती, पण ती आजची वाटत नव्हती. ऊन मऊ होतं, बांतिगीच्या झाडांची सावली वाळूवर हलता हलता विसरून गेल्यासारखी थांबली होती. काडिंग एकटी उतरली. गुडघाभर पाण्यातून चालताना तिला मागच्या होडीतला आवाज ऐकू येईनासा झाला.

पाच वर्षांची सालोमे तिथेच बसली होती. त्या सणाचाच निळा झगा, तेच दोन पुढचे पडलेले दात. शिंपले ओळीने मांडत होती, आणि ती ओळ पार झाडांच्या पलीकडे वळून गेली होती. शेजारी एक मोठं कासव वाळूत तोंड खुपसून झोपलं होतं. काडिंगने तिचं नाव घेतलं, चल घरी म्हणाली. पोरीने वर बघितलं नाही. काडिंगने पुन्हा हाक मारली. शिंपला जागेवर नीट बसला की नाही ते बघून पोर म्हणाली, "मी ऐकत होते."

"काय?"

"तू तेर्योला बोलावलंस. मग पासिंगला. मग पुगोला बोलावलंस. मग होडी गेली."

पुगो त्यांचा कुत्रा होता. तो मरून दोन वर्षं झाली होती. काडिंगने आठवून बघितलं. ते खरं होतं. त्या दिवशी गिळलेल्या नावाची जागा रिकामी दिसू नये म्हणून तिने घाईघाईने कुत्र्याचं नाव घेतलं होतं, आणि सगळे हसले होते. हे ती विसरली होती. पाच वर्षं ती स्वतःला सांगत होती, की एक नाव राहून गेलं. राहून काही गेलं नव्हतं.

ती वाळूत बसली. तिला रडू आलं आणि तिने डोळे पुसले नाहीत.

"मला लाज वाटली," ती म्हणाली. "तू माझी आहेस हे त्या बायांच्या समोर म्हणायची लाज वाटली. आणि मग मासे मिळायला लागले, म्हणून मी गप्प बसले."

पोरीने मान डोलावली. तिला हे सगळं ठाऊक असावं. मग तिने विचारलं, की तिथे तरी मला खेळायला कोण घेतं? इथे कासव येतं, पाऊस येतो, रात्री पाणी पेटल्यासारखं चमकतं. मधाचं बोट लावायला काडिंगला जमलं असतं, पण तिची जीभ वळेना. ती म्हणाली, की कदाचित कुणीच घेणार नाही. तुला भूक लागेल, रडू येईल, शाळेत चिडवतील. आता मासेही नाहीत, तर तुला लाडीगोडी लावायलाही कुणी येणार नाही.

"पण तिथे जी आहे ना," काडिंग म्हणाली, "ती झग्यात दगड शिवून घेते."

पोरीचा हात थांबला. "कशाला?"

"वाऱ्याने उडून जाऊ नये म्हणून."

"तुम्ही शिवता?"

"नाही. ती स्वतःच. कुणाला न सांगता."

पोर हातातला शिंपला उलटसुलट फिरवत राहिली. कासवाने झोपेतच एक पाय हलवला आणि वाळू उडवली. "म्हणजे तिला तिथे राहायचंय," ती शेवटी म्हणाली, थोडं नवल वाटल्यासारखं. मग तिने हातातला शिंपला खाली ठेवला. "मग होडीतून हाक मार. त्यांना ऐकू जाईल अशी. आणि सगळ्यांत आधी मला."

काडिंग पाण्यातून परत आली आणि होडीच्या टोकाशी उभी राहिली. तिच्यासमोर बेट होतं आणि पाठीशी सासू. तिने मागे वळून म्हातारीकडे एकदा बघितलं. या वेळी म्हातारीनेच नजर खाली केली. काडिंगने श्वास घेतला आणि तिचा आवाज पाण्यावरून पार झाडांपर्यंत गेला.

"सालोमे. माझी सालोमे. चल घरी, मागे राहू नकोस."

मग तिने तेर्योचं नाव घेतलं, पासिंगचं घेतलं, गोर्योचं, सासूचंसुद्धा. वाळूवर कुणी दिसत नव्हतं. उथळ पाण्यात मात्र लहान पावलांचे खड्डे पडत आले, एकामागून एक, धावत येणाऱ्या पायांचे. उलांडीचा बांबू करकरला. होडी एकदम खाली बसली, इतकी की काठावरून ओंजळभर पाणी आत आलं, आणि घोट्याला धरून बसलेली पासिंग कळवळली, कारण सालोमे धपकन तिच्या मांडीवर पडली होती.

आणि सालोमे रडायला लागली. पाच वर्षांचं साचलेलं रडणं ते. ऐकायला अजिबात गोड नव्हतं. तिच्या नाकातोंडातून पाणी वाहत होतं, हातपाय झाडत होती, आणि मध्येच म्हणाली, की मला भूक लागलीय. तेर्योला हसू आलं. तिनांग म्हातारीने कमरेच्या फडक्यात जपून ठेवलेली चिकट भाताची वळकटी काढली, केळीचं पान सोललं आणि तिच्यापुढे धरली. एवढ्या मोठ्याने रडायला काय झालं, खा, असं ती तुसडेपणाने म्हणाली.

गोर्योने बांबू रोवला. मग न राहवून विचारलं, की आता मासळी कुठल्या अंगाला असेल. सालोमेने भरल्या तोंडाने पाण्याकडे बघितलं, डावीकडे, उजवीकडे, आणि मान हलवली. तिला काही दिसत नव्हतं. गोर्यो बरं म्हणाला. आणखी काय म्हणणार?

काडिंग फळीवर बसली होती. सगळे आले, सगळ्यांची नावं झाली, आता तिला हायसं वाटायला हवं होतं. पण तिला काहीच वाटत नव्हतं. आवाज लांबून येत होते. मांडीवरचे आपले हात तिला हलके वाटले, वाळत घातलेल्या फडक्यासारखे. तिने किनाऱ्याकडे बघितलं. शिंपल्यांच्या ओळीशेजारी, जिथे ती रडत बसली होती, तिथे एक बाई अजून बसलेली होती. तिच्याच निळ्या घागऱ्यातली, साबणाने हात सोललेली बाई. ती उठायचं नाव घेत नव्हती. तिथे सावली होती, मऊ ऊन होतं, कुणी काही मागत नव्हतं. बसू दे तिला, असं काडिंगला वाटलं. तिने हे कुणाला सांगितलं नाही. होडी वळायला लागली.

सालोमेने वळकटी खाली ठेवली. ती मावशीच्या चेहऱ्याकडे बघत होती. तिने एकदा किनाऱ्याकडे बघितलं आणि ती फळीवर उभी राहिली, पाय फाकवून, नाकाखाली शेंबूड आणि हनुवटीला भात तसाच.

"लिओकाडिया," तिने हाक मारली. "लिओकाडिया, चल घरी. मागे राहू नकोस."

तिनांग म्हातारीच्या हातून जपमाळ पडली. मावशीला नावाने हाक मारतेस, शिंगं फुटली का तुला, असं तिने सुनावलं. सालोमेने मान वळवली नाही.

"मावशी म्हटलं तर तिला कळणार नाही," ती म्हणाली. "गावात सगळी पोरं तिला मावशीच म्हणतात."

आई गेल्यापासून काडिंगला त्या चर्चमधल्या नावाने कुणी बोलावलं नव्हतं. वाळूवरच्या बाईने मान वर केली. तिने घागरा झटकला, इकडेतिकडे बघितलं, आणि घाईघाईने पाण्यात उतरली, उशीर झालेल्या माणसासारखी, दोन्ही हातांनी घोळ सावरत. गोर्योने का कोण जाणे, बांबू उचलून धरला आणि होडी थांबवली. काडिंग फळीवर जराशी सरकून बसली, तिला जागा व्हावी म्हणून.